नागपूरहून मोहाच्या मुलखात: पहाटे निघा, ऊन चढायच्या आत परता

मार्च लागला की ओळखीच्यांचे नाशिकचे फोटो येऊ लागतात. द्राक्षांचे मांडव, हातात वाईनचा ग्लास, मागे धरणाचं पाणी. छानच दिसतं ते. पण नागपूरहून नाशिक सहाशे किलोमीटरच्या वर, समृद्धीवरून गेलात तरी एका दिवसात जाऊन येण्यासारखं नाही. मग जवळ काय आहे? आमच्या भागाचा दारूचा नकाशाच गमतीदार आहे. वर्धा जिल्हा गांधीजींमुळे सत्तरच्या दशकापासून कोरडा, गडचिरोली १९९३ पासून, आणि चंद्रपुरात २०१५ ला लागलेली बंदी २०२१ मध्ये उठली. याच मुलखात फाल्गुन-चैत्रात मोहाचं झाड, ज्याच्या फुलांची दारू गाळतात, असं फुलतं की त्याच्या वासानंच रस्ता कळतो. म्हणून द्राक्षं सोडली आणि मोह बघायचं ठरवलं.

बायकोचे मामा भिवापूरच्या पुढे, नागभीडच्या अंगाला राहतात. फोन केला तर मामाजींची एकच अट: "जवाईबापू, सहाच्या आत पोचा. उन्हं आल्यावर आले तं मंग जेवाले या, मोवा पाहाले नोका येऊ." सगळं नियोजन या एका वाक्यावर बांधायचं. मोहाचं फूल रात्री उमलतं आणि पहाटेपासून गळायला लागतं. दहा वाजेपर्यंत वेचणी आटोपत येते. म्हणजे नागपूर चारच्या सुमारास सोडायचं, तर्री पोह्याचा मोह आवरायचा आणि चहा थर्मासात न्यायचा.

उमरेड ५० किलोमीटरच्या आसपास. अंधारात तिथली कोळशाची खाण जाणवते ती रस्त्यावरच्या ट्रकांमुळे. पुढे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा शेजार सुरू होतो. 'जय' नावाचा प्रसिद्ध वाघ इथेच वावरायचा, २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला. गाडी सावकाश चालवा, एवढंच सांगतो. रानडुकरं आणि नीलगाई इंडिकेटर देत नाहीत.

मामाजींच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तीन-चार मोठे मोह आहेत. आम्ही पोचलो तेव्हा झुंजूमुंजू होत होतं. झाडावर पान जवळपास नाही, फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस आणि मधूनच तांबूस कोवळी पालवी. फूल म्हणजे पाकळ्या-बिकळ्या नाहीत, मलईच्या रंगाचा रसाळ टपोरा गोळा, मोत्यासारखा. खाली पडताना टप्प असा आवाज येतो. वास मात्र सगळ्यांना झेपेल असा नाही. माझ्या बायकोला तो लहानपणापासून आवडतो. मला पहिली पंधरा मिनिटं डोकं धरावंसं वाटलं. फूल तोंडात टाकलं तर आधी गोड आणि मागून किंचित उग्र. दोन-तीन पुरे होतात.

मामी आणि शेजारच्या दोघी टोपल्या घेऊन वाकून वेचत होत्या. मीही लागलो. कमरेचा काटा ढिला झाला तेव्हा माझ्या टोपलीचा तळही झाकला नव्हता. शेजारच्या आजी म्हणाल्या, "तुमी फोटो काढा जी, आमी येचतो." हे बोलणं मनाला लागलं नाही, कारण खरं होतं.

वेचायला सोपं जावं म्हणून बऱ्याच ठिकाणी झाडाखालचा पाला जाळतात, आणि उन्हाळ्यातले कितीतरी वणवे तिथूनच पेटतात. मामाजींनी खाली हिरवी जाळी अंथरली होती. माती लागत नाही, फूल स्वच्छ राहतं आणि कमरही वाचते. मला हा दिवसातला सगळ्यात शहाणा शोध वाटला. जंगलातल्या झाडांखाली जायचा हट्ट मात्र कुणी धरू नये. मोह अस्वलालाही आवडतो, आणि ब्रह्मपुरीच्या बाजूला पहाटे मोह वेचायला गेलेल्या बायांवर वाघाचे हल्ले झालेत. आपण हौसेनं जातो, त्या पोटासाठी जातात. धुऱ्यावरची झाडं बघा आणि परत फिरा.

अंगणात आधीच्या दिवसांची फुलं वाळत पडली होती. वाळली की ती मनुकांसारखी तपकिरी होतात, मग हलकं कुटून आतले केसर झाडून टाकायचे. मामीनं ती उकडून, भाजलेल्या तिळाबरोबर कुटून लाडू केले होते. साखरेचा कण नाही, फुलाचीच गोडी. सोबत जवसाची चटणी आणि ज्वारीची भाकर. नाशिकच्या चीजच्या ताटल्या त्यांच्या जागी, मी या जेवणावर खूश आहे.

आता सगळे विचारतात ते: चाखली का? नाही. घरी गाळलेली दारू १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे, आणि पाव्हण्यानं यजमानाला त्या पेचात टाकू नये. पण रीत मामाजींनी तोंडी समजावली. सुकी फुलं पाण्यात चार-पाच दिवस भिजत ठेवायची, आंबली की चुलीवर चढवायची, वाफ वरच्या भांड्यातल्या गार पाण्यानं थंड करून थेंब थेंब धरायची. वाईन नुसती आंबवलेली असते, ही गाळलेली. म्हणून ही वाईनपेक्षा बरीच कडक.

मला खटकतं ते वेगळंच. द्राक्षाच्या वाईनसाठी राज्यानं २००१ मध्ये धोरण आणलं, चाखायला पर्यटक बोलावले. मोहाचं फूल नुसतं साठवायला आणि वाहून न्यायला जी बंधनं होती ती उठली २०२१ मध्ये. वीस वर्षं! तोवर हंगामात पडेल भावात फूल विकायचं आणि पावसाळ्यात तेच चढ्या भावात विकत घ्यायचं, हे इथल्या घरांना पाठ झालं होतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावांनी २००९ पासून सामूहिक वनहक्क मिळवून वनोपजाचा व्यवहार स्वतःच्या हातात घेतला, म्हणून ग्रामसभा हा व्यवहार बघते अशा गावांत थोडी तरी उभारी दिसते. दारूबंदीच्या बाजूनं बोलणाऱ्या बायांचं म्हणणंही मी नाकारत नाही. मामी स्वतः त्याच बाजूच्या आहेत. लाडू विका, म्हणतात त्या, दारू नको.

दहाच्या आत निघालो. परतताना भिवापूरला मिरचीच्या सातऱ्यावर थांबलो, तिथे बाया ओळीनं बसून मिरच्यांचे मुक्के, म्हणजे देठ, खुडत होत्या. दोन मिनिटांत ठसका लागला आणि आम्ही पळालो. जमलं तर तिथून पवनीला वळा. वैनगंगेकाठचं जुनं गाव, किल्ल्याचा दरवाजा अजून उभा आहे, आणि उत्खननात इथे प्राचीन बौद्ध स्तूप सापडलेत. पण मार्चअखेरीस बारानंतर पवनीच्या घाटावर उभं राहणं म्हणजे शिक्षा. आम्ही दरवाजा बघितला, उसाचा रस प्यायलो आणि गाडीचा एसी लावला.

जायचं तर होळीपासून रामनवमीपर्यंत. आधी हवामान बघा. अवकाळी आला किंवा आभाळ राहिलं की फूल कमी गळतं. अंगभर कपडे, टोपी, भरपूर पाणी, आणि ओळखीचं घर शोधा, कारण इथे तिकीटघर नाही. सुकी फुलं विकत घ्याल तर वेचणाऱ्याकडूनच घ्या. डब्यात घट्ट झाकून ठेवा, नाहीतर आठवड्यात मुंग्या त्यांचा वाटा घेतील.