वायफायच्या कमानीमागचे संभाषण

लॅपटॉप उघडून तो घरच्या वायफायला जोडला की पडद्याच्या कोपऱ्यात कमान उमटते आणि आपण कामाला लागतो. त्या क्षणभरात लॅपटॉप आणि राउटर यांच्यात किती बोलणे होऊन गेले, हे पाहायचे असेल तर वायरशार्क नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर चालू ठेवावे. ओळींमागून ओळी सरकू लागतात आणि एरवी रुक्ष वाटणाऱ्या संज्ञांना एकदम तोंड फुटते.

नव्याने आलेल्या यंत्राला सुरुवातीला पत्ताच नसतो. म्हणून ते 0.0.0.0 असा शून्य पत्ता लावून सगळ्यांना उद्देशून विचारते, की इथे पत्ते कोण देते? राउटर म्हणतो, 192.168.1.7 रिकामा आहे, चालेल का? यावर लॅपटॉप नुसता होकार देत नाही, तर ‘मला हाच पत्ता हवा’ असे पुन्हा सर्वांना ऐकू जाईल असे सांगतो. कारण पत्ता देऊ करणारे आणखी कोणी असेलच, तर त्याला आपला प्रस्ताव मागे घेता यावा. मग राउटर शिक्कामोर्तब करतो. चार वाक्यांच्या या व्यवहाराला डीएचसीपी म्हणतात. पत्ता मिळतो तो अकरा महिन्यांच्या भाडेकरारासारखा, मुदतीपुरता. फरक इतकाच, की इथला भाडेकरू निम्मी मुदत सरताच आपणहून नूतनीकरण मागायला जातो.

हा पत्ता घरापुरताच असतो. नेमका हाच आकडा शेजारच्या घरातल्या टीव्हीलाही मिळालेला असू शकतो आणि त्यात काहीच बिघडत नाही. अशा आकडी पत्त्यांची, म्हणजे आयपी पत्त्यांची, जुनी पद्धत 32 बिटांची, म्हणजे जेमतेम 429 कोटी पत्त्यांची. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी 2011 मध्ये संपला. घरातल्या सगळ्यांना बाहेर एकाच पत्त्यावर वावरायला लावण्याची राउटरची युक्ती नसती, तर फार आधीच पंचाईत झाली असती.

यंत्राचा दुसरा पत्ता कारखान्यातून येतो. हा मॅक पत्ता 48 बिटांचा असतो आणि त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून उत्पादक कळतो. अलीकडचे फोन मात्र माग काढला जाऊ नये म्हणून वायफायवर बनावट मॅक पत्ता सांगतात. त्यामुळे राउटरच्या यादीत अनोळखी यंत्र दिसले, की शेजाऱ्यावर संशय घेण्यापूर्वी घरातले फोन मोजलेले बरे.

मला सर्वांत लोभस वाटते ती एआरपीची, म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधणाऱ्या पद्धतीची ओळ. ‘192.168.1.1 कोणाकडे आहे? 192.168.1.7 ला सांगा,’ अशी हाक पडद्यावर अक्षरशः उमटते. ज्याचा तो पत्ता असेल तो आपला मॅक पत्ता कळवतो आणि विचारणारा ते उत्तर लक्षात ठेवतो. पडताळणी अजिबात नाही. डेव्हिड प्लमर यांनी 1982 मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा एका जाळ्यावरचे संगणक बहुधा एकाच संस्थेचे असत आणि खोटे उत्तर कोणी देईल ही धास्ती फारशी नव्हती. ती भाबडी पद्धत आजही जशीच्या तशी चालू आहे. म्हणूनच अनोळखी कोणीही खोटे उत्तर देऊ शकेल अशा रेल्वे स्थानकावरच्या किंवा हॉटेलातल्या वायफायवर भिस्त ठेवायची ती ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातल्या कूटबद्ध संवादावर.

पुढची पायरी संकेतस्थळाशी बोलण्याची. नावावरून आकडी पत्ता शोधून देण्याचे काम डीएनएस करते. मग मजकूर खात्रीने पोहोचवणाऱ्या टीसीपी या पद्धतीचा त्रिवार हँडशेक होतो: एक आपला आरंभक्रमांक सांगतो, दुसरा तो पोहोचल्याचे कळवून स्वतःचा सांगतो आणि पहिला त्याचीही पोच देतो. त्यानंतरही पाठवलेल्या मजकुराची पोच द्यावी लागते. ती आली नाही, तर हरवलेला भाग पुन्हा पाठवला जातो. बँकेच्या व्यवहाराला असा काटेकोरपणा हवाच.

व्हिडिओ कॉलला तो परवडत नाही, कारण दोन सेकंदांनी पोहोचलेल्या शब्दाचा उपयोग नसतो. तिथे सहसा यूडीपी ही दुसरी पद्धत वापरतात. त्यात ना हँडशेक, ना पोच. वाटेत पडले ते पडले. परदेशातल्या मुलाशी बोलताना आई दर दोन वाक्यांनंतर ‘ऐकू येतंय ना रे?’ विचारते आणि तिकडून ‘हो, बोल’ येते, तेव्हा यूडीपीने वगळलेले पोच देण्याचे काम ती दोघेच करत असतात.