उलट्या पुरलेल्या काड्या: इंदुरातली हिवाळी कटिंग, डिसेंबर ते एप्रिल

या हिवाळ्यात एकच गोष्ट तपासायची होती. जून फांदीची काडी थेट कुंडीत न खोचता आधी काही आठवडे वाळूत उलटी पुरून ठेवली, तर आपल्या थंडीत काही फरक पडतो का? द्राक्षाच्या काड्यांसाठी ही पद्धत जुनी आहे. बागेतल्या झुडपांवर आपल्यापैकी कुणी ती केल्याचं ऐकलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

कारण आधी सांगते, नाहीतर हा नुसता वेडेपणा वाटेल. इंदुरात जानेवारीत दिवसा पारा 26 अंशांच्या आसपास असतो आणि रात्री 10 पर्यंत उतरतो. दुपारच्या उन्हात काडीचे वरचे डोळे तापतात, फुगतात, पालवतात. खाली कुंडीतली ओली माती मात्र गारच. मुळी धरायला बुडाशी 20 अंशांच्या वर ऊब लागते, ती मिळत नाही. काडी साठवलेल्या अन्नावर चार पानं काढते, आपण घरभर दाखवत फिरतो, आणि फाल्गुनात ऊन चढलं की तीच पानं एका दुपारीत माना टाकतात. उपटून बघावं तर खाली कोरं लाकूड. उलटी पुरली की बूड वर येतं, उन्हाने तापणाऱ्या वाळूच्या थराजवळ. डोळे खाली गारव्यात, अंधारात झोपून राहतात.

काड्या फुकटच्या. समोरच्या काकू डिसेंबरात सावनी (क्रेप मर्टल, फुलांचं झुडूप) आणि डाळिंब छाटतात. कचरागाडी यायच्या आत फांद्या उचलायच्या, एवढंच काम. "अगं, त्या वाळक्या काटक्यांचं काय करणार तू? त्यापेक्षा नर्सरीतून रोप आण ना चांगलं!" हे दरवर्षी ऐकायचं आणि हसून फांद्या उचलायच्या. बोगनवेल घरचीच: साधी किरमिजी, दुरंगी पानांची थिम्मा, आणि भरगच्च फुलांची महारा.

निवड करताना शेंड्याचा मोह सोडावा. शेंड्याकडचं लाकूड कोवळं, त्याचा गाभा पोकळ-भुसभुशीत; तिथूनच कूज शिरते. गेल्या हंगामात वाढलेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्यायची आणि तिचा बुडाकडचा भाग वापरायचा. नखाने साल खरवडली की खाली हिरवं आणि ओलसर दिसलं पाहिजे. लांबी साधारण 20 सेंमी, डोळे चार-पाच. खालचा काप पेराच्या लगेच खाली, सरळ. वरचा काप डोळ्याच्या थोडा वर, तिरका. पानं झडलेल्या काडीला बूड कुठलं आणि शेंडा कुठला हे नंतर कळत नाही, आणि काडी कशीही ठेवली तरी मुळं तिच्या मूळच्या बुडाशीच धरतात. डोळ्यांत तयार होणारं ऑक्सिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, बुडाकडेच वाहत जातं, आपण काडी उलटी केली म्हणून ते दिशा बदलत नाही. या पद्धतीचा सगळा भरवसा त्यावरच आहे.

रूटिंग पावडर अर्ध्या जुड्यांना लावली, अर्ध्यांना नाही. जून लाकडाला 0.8 टक्के आयबीएची (मुळं फोडणाऱ्या संप्रेरकाची) लागते. कोवळ्या काड्यांसाठीची सौम्य पावडर इथे उपयोगाची नाही. मध, दालचिनी, कोरफड यांच्यावर आपल्यात पुष्कळ प्रेम आहे. मध-दालचिनी बुरशीला थोडी रोखत असतील, मुळी फोडायचं काम त्यांचं नाही. आयबीएचा हा गुण झिमरमन आणि विलकॉक्सन यांनी 1935 मध्ये अमेरिकेत बॉइस थॉम्पसन संस्थेत दाखवून दिला, आणि अजून रोपवाटिकांचा भर तिच्यावरच आहे. मात्र डबी उन्हात राहिली की पावडर निकामी होते. माझी फ्रिजच्या दारात असते, लोणच्याच्या बरणीशेजारी, मोठ्या अक्षरांत 'खाऊ नये' लिहून.

बुडं फरशीवर आपटून एका पातळीत आणली, सुतळीने जुड्या बांधल्या. फळांच्या जुन्या क्रेटला आतून गोणपाट लावलं, नर्मदेची भरड वाळू दोनदा धुऊन भरली, जुड्या डोकं खाली करून ठेवल्या आणि बुडांवर आणखी पाच-सात सेंमी वाळू घातली. ओल किती? वाळू मुठीत दाबली की गोळा व्हावा, पाणी सुटू नये. क्रेट गच्चीवर, दिवसभर ऊन लागणाऱ्या भिंतीला टेकवून. मधे मावठा आला तेव्हा ताडपत्री टाकली.

आठवड्याला येणारे माळीदादा क्रेट बघून हळहळले. "दीदी, ये तो सब उल्टी गड़ गई!" समजावलं, त्यांनी मान हलवली, आणि मी खाली गेल्यावर सावनीची एक जुडी दयाबुद्धीने सुलटी करून ठेवली. मला हे संक्रांतीनंतर क्रेट उघडल्यावर कळलं. रागवायचं काय, तुलनेसाठी आयती जुडी मिळाली!

तर क्रेटमध्ये काय दिसलं. सावनीच्या उलट्या जुड्यांवर कापाच्या कडेने, साल आणि लाकूड यांच्या मधल्या रेषेतून, पांढरट दाणेदार कडं उगवलं होतं, साबुदाणा ओळीने चिकटवावा तसं. डोळे घट्ट मिटलेले. सुलट्या जुडीत नेमकं उलट: डोळे वाळूतून वर येऊन हिरवे झालेले, बुडाला कडं जेमतेम, तेही एका बाजूला. डाळिंबाला हे कडं, म्हणजे कॅलस, कमी, पण सगळ्या काड्यांना. बोगनवेलीत काही बुडं काळी पडली होती; चिरून बघितल्यावर आत गाभा रुंद आणि ओला निघाला. त्या फेकल्या. पावडरीचा फरक सावनीत दिसला नाही, बोगनवेलीत ठळक दिसला.

वसंत पंचमीच्या सुमारास काड्या सुलट्या करून पिशव्यांत लावल्या, दोन तृतीयांश आत, वर एक-दोन डोळे. वाळू आणि कोकोपीट निम्मं निम्मं. आपली काळी माती इथे अजिबात नको: ओली असते तेव्हा हवा कोंडते, सुकली की भेगाळते आणि नवी मुळी तोडते. शेणखत-गांडूळखतही मुळं धरल्यावरच. पाणी एक दिवसाआड येणाऱ्या नर्मदेच्या नळाचं, बादलीत साठवलेलं. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, पिशवीच्या तोंडावर पांढरी खपली धरतं.

डाळिंबाच्या काही काड्या पिशव्यांऐवजी पाण्याच्या रिकाम्या पारदर्शक बाटल्यांत लावून बाहेरून काळा कागद गुंडाळला होता. कागद काढून रोज डोकावण्याची खाज भागते आणि काडी उपटावी लागत नाही. मार्चच्या सुरुवातीला पहिली मुळी दिसली ती कॅलसमधून नव्हे, त्याच्या वर सेंटीमीटरभर, साल उभी फाडून. जाड, पांढरी, टोकाशी किंचित पिवळसर. तिला बारीक जारवा फुटायला आणखी बरेच दिवस गेले. कॅलस म्हणजे जखम भरून येणं. मुळीची वाट बघायला हरकत नाही एवढाच त्याचा अर्थ, मुळी आलीच असा नाही.

रंगपंचमीच्या आसपास पारा 35 कडे सरकला तेव्हा 50 टक्के सावलीची हिरवी जाळी बांधली. माळीदादांची सुलटी जुडी तोवर सगळ्यांत डौलदार दिसत होती; त्या आठवड्यात तिच्यातल्या बहुतेक काड्या गेल्या. उलट्या पुरलेल्या सावनीतल्या जवळजवळ सगळ्या राहिल्या. डाळिंब निम्म्याच्या वर जगलं. किरमिजी बोगनवेल बरी, थिम्मा त्याहून कमी. थिम्माची काडी घेताना पानांवर रंग नीट उतरलेली फांदीच घ्या, हिरव्या पडलेल्या फांदीचं रोप हिरवंच निघतं. महाराने यंदाही दाद दिली नाही, पावडर लावलेल्या काड्यांनीसुद्धा.

बोगनवेल सध्या त्याच पिशवीत ठेवलीय. तिची मुळं फार ठिसूळ, कुंडी बदलताना गोळा फुटला की रोप हातचं गेलं. पावसाळा लागल्यावर पिशवी ब्लेडने उभी चिरून, गोळा न हलवता कुंडीत सोडायची. जास्वंद आणि मोगऱ्यासाठी हा सगळा खटाटोप करू नका. त्यांची काडी आपल्याकडे आषाढ-श्रावणातच बरी लागते.

महाराला जुलैत गुटी बांधणार आहे, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं धरवायची. सावनीची रोपं गरजेपेक्षा जास्त झाली आहेत, गुलाबी आणि पांढरी दोन्ही. रामबाग-नारायण बागेकडच्या कुणाला हवी असतील तर पावसानंतर घेऊन जा, बदल्यात दुहेरी तगरीच्या चार काड्या आणा.