दोर पायाखाली

लिंबूटिंबू म्हणजे काय, हे परवा भाचीला समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ आले. ती आठ वर्षांची. मे महिन्याच्या सुट्टीत माझ्याकडे पुण्याला आलीय. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे फ्री ट्रायल?"

तसंच काहीसं. डबा ऐसपैस रंगात आलाय, दहा-बारा मोठी पोरं आहेत आणि कुणाच्या तरी मागे मागे त्याचं धाकटं भावंड आलंय. त्याला घरी पिटाळलं तर आई रागावणार, खेळात घेतलं तर डाव बिघडणार. मग कुणीतरी जाहीर करतो, हा लिंबूटिंबू. त्याने पळायचं, लपायचं, गळा काढून ओरडायचं. फक्त सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. आणि मग वर्षा-सहा महिन्यांनी एके दिवशी राज्य घेणारा त्याला खराखुरा 'ऐसपैस' करतो. पोर रडकुंडीला येतं, पण आतून फुगलेलं असतं. ही बढती कोण देतं, कधी देतं, त्याचा काही नियम नव्हता. पोरांचं पोरांना कळायचं.

मी पाण्यातही काही दिवस लिंबूटिंबू होते. साताऱ्याकडे आजोळच्या मळ्यात जुनी मोटेची विहीर होती. मोट केव्हाच गेली, विजेचा पंप आला, पण बैलांची धाव आणि थारोळं जागच्या जागी होतं. मामेभाऊ वरून सूर मारायचे, मुटके मारून काठावरच्यांना भिजवायचे. मुलींनी पाण्यात पाय सोडून पायरीवर बसावं, फार तर धुणं धुवावं, अशी एकंदर व्यवस्था. लहानपणच्या मोकळेपणाच्या आठवणी काढताना पुरुषमंडळी हे हटकून विसरतात. अख्खा उन्हाळा गावभर हुंदडायला मिळायचा तो त्यांना. आम्हाला दिवेलागणीच्या आत घर गाठायचं असे, आणि त्याआधी पाणी भरून झालेलं असावं लागे. पण मी हट्टच धरला. आजोबांनी घरात कुणालाही न विचारता माळ्यावरून दोन भोपळे काढले.

हे भाजीचे भोपळे नव्हेत. वेलावरच पिकवून वाळवलेले, लाकडासारखे टणक, आत नुसती हवा आणि खुळखुळणाऱ्या बिया. ते पाठीला बांधायचे. कुणाकडे पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा असे, कुणी तेलाचा रिकामा डबा तोंड बंद करून घेई. शिवाय कमरेला दोर, त्याचं दुसरं टोक आजोबांकडे. पहिले काही दिवस दोन भोपळे. मग एकच, त्यामुळे मी एका अंगावर कलंडायचे. मग एकही नाही, नुसता दोर.

"आजोबा, धरलाय ना?"

"धरलाय."

दर चार हातांनी मी विचारत होते आणि ते न कंटाळता सांगत होते. एकदा मान वळवून वर बघितलं, तर आजोबा पायरीवर उकिडवे बसून तंबाखू मळत होते. डाव्या तळहातावर चुना, उजवा अंगठा चाललेला. दोन्ही हात कामात. मग दोर? मी किंचाळले, नाकातोंडात पाणी गेलं, हातपाय झाडले आणि कशीबशी समोरची पायरी धरली. आजोबा जागचे हललेसुद्धा नाहीत. "आलीस की," एवढंच म्हणाले. धाप ओसरल्यावर मला दिसलं, दोर त्यांच्या डाव्या पायाखाली होता. अंगठ्यापासून टाचेपर्यंत पक्का दाबलेला.

आता या सगळ्याला सोन्याचा मुलामा द्यायची मला हौस नाही. विहिरींनी पोरं गिळली आहेत. भोवऱ्याची आर पायात घुसायची, आणि आमच्या आळीतल्या एका मुलाचा डोळा विटीने गेला तो गेलाच. 'आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही लाडकोड' म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात तो मुलगा कधी येत नाही. पण पोरांच्या अंगी धोक्याची एक जाण होती, तीही खरी. शेवग्यावर चढायचंच नाही, तो भलता ठिसूळ. जांभळीची फांदी दिसायला मनगटाएवढी, पण काडकन जाते. चिंच चिवट; लवेल पण दगा देणार नाही. आणि भूत नेमकं चिंचेवर! ते तिथे मोठ्या माणसांनीच बसवलं असावं, दुपारची झोपमोड नको म्हणून.

नॉर्वेच्या अभ्यासक एलेन सँडसेटर यांनी 2007 साली मुलांच्या जोखमीच्या खेळांचे सहा प्रकार सांगितले: उंची, वेग, धारदार हत्यारं, पाणी-विस्तवाची जवळीक, झोंबाझोंबी आणि मोठ्यांच्या नजरेआड हरवून जाणं. मी वाचता वाचता बोटं मोजत होते. सूरपारंब्या. उतारावरून सोडलेली सायकल, तीही नळीखालून पाय घालून. विटीदांडू. विहीर आणि होळी. कबड्डी. डबा ऐसपैस. सहाच्या सहा, आणि तेही एकाच आळीत! मुलं आपल्याला झेपेल तेवढी भीती आपणहून मागून घेतात आणि पचवतात, असा या बाईंच्या म्हणण्याचा रोख आहे.

मागून घेतात, यावर माझा भर. दहीहंडीच्या वरच्या थरावर जे पोर चढवतात, त्याने ती उंची मागितलेली नसते. ती बक्षिसाच्या रकमेवर ठरते. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने 18 वर्षांखालच्या गोविंदांना मनाई केली आणि हंडीला 20 फुटांची मर्यादा घातली, तेव्हा परंपरेच्या नावाने पुष्कळ आरडाओरडा झाला. मला मात्र हायसं वाटलं. पुढे 2017 साली वयाची अट 14 वर आली आणि उंचीची मर्यादा उठली. सूरपारंब्यांत पोर घाबरलं तर निम्म्यातून उतरतं, कुणी काही म्हणत नाही. थराला लागलेल्या पोराला तशी सोय नाही.

आमच्या सोसायटीत खेळायला म्हणून एक चौकोन आहे. खाली रबराची फरशी, वर प्लास्टिकची घसरगुंडी. तीन वर्षांच्या बाळाला ती पुरते. आठ वर्षांच्या मुलीला दोन मिनिटांत तिचा कंटाळा येतो, मग ती घसरगुंडी उलटीकडून चढते आणि वॉचमनकाका शिट्टी मारतात. चौकोनाला लागूनच पार्किंग. तिथे गाड्या भराभर मागे येतात, मीटरच्या खोलीचं दार सताड उघडं असतं, त्यासाठी मात्र शिट्टी नाही. घसरगुंडी किती उंच आहे ते मुलीला दिसतं. मागे येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला आपण दिसत नाही, हे तिला कसं कळावं? शिट्टी तिथे वाजायला हवी. कमिटीच्या मीटिंगमध्ये मी हे बोलले. 'पॉइंट' लिहून घेतला गेला.

तळमजल्यावर राहण्याचा एक फायदा म्हणजे माझ्या मागच्या दारी पेरूचं झाड आहे. भाचीची नजर पहिल्याच दिवशी त्याच्यावर गेली. ती पहिल्या बेचक्यापर्यंत पोचली तेव्हा 'पडशील!' अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पडशील म्हटलं की मूल खाली बघतं, आणि खाली बघितलं की त्याचे पाय लटपटतात. आजोबा पाण्यातल्या पोराला कधी 'बुडशील' म्हणाले नाहीत. मी शब्द गिळला आणि विचारलं, "आता डावा पाय कुठे ठेवणार?" तिने थांबून विचार केला, मग ठेवला. पेरू चिवट असतो, त्याची मला फारशी काळजी नव्हती. काळजी होती ती झाडाखालच्या पसाऱ्याची. रात्री मी फुटक्या कुंड्या, दोन फरश्या आणि कुंपणाची एक गंजकी सळई उचलून भिंतीकडे नेली. बहिणीला यातलं काही कळवलेलं नाही. ती रोज संध्याकाळी फोनवर विचारते, 'काय करते गं दिवसभर?' मी म्हणते, 'पेरू खाते.'

आज सकाळी भाची परत झाडावर होती, आणि मी मागच्या पायरीवर गवारीचं ताट मांडीवर घेऊन बसले होते.

"मावशी, बघतेयस ना?"

"नाही गं, गवार मोडतेय."

"मग मी अजून एक फांदी वर जाऊ?"

"तुझं तू बघ."

पानं सळसळली. एक चप्पल खाली पडली, थोड्या वेळाने दुसरीही. पावलं अनवाणी झाली ते बरंच झालं. ती वरच्या फांदीवर नीट बसेपर्यंत ताटातल्या एकाही शेंगेचं देठ निघालं नव्हतं.