मुठीपासून चार बोटांवर

मासेमारीचा तो रॉड मुठीपासून चार बोटांवर तुटला होता. आमच्या सहकाऱ्याने फोटो पाहून ‘रॉड उभा धरला’ असा शेरा मारला आणि वॉरंटीचा दावा नाकारला, तेव्हा त्याने ही चार बोटं पाहिलीच नव्हती. रॉड उभा धरून मासा उचलायला गेलं की सगळा बाक टोकाकडे सरकतो आणि मोड वरच्या भागात येते, मुठीजवळ नाही. हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात. पण हंगामात एका फोटोला दोन मिनिटंही मिळत नाहीत, आणि ‘उभा धरला’ लिहिलं की कोणी उलट विचारत नाही.

मी मूळचा देवगडचा. पुण्यात पॉलिमर शिकलो आणि आता उत्तर विस्कॉन्सिनमध्ये मासेमारीचे रॉड बनवणाऱ्या एका कंपनीच्या वॉरंटी विभागात सहा वर्षं आहे. आमचे निम्मे दावे मस्कीच्या रॉडचे असतात. मस्की हा इथल्या गोड्या पाण्यातला दांडगा शिकारी, १९५५ पासून विस्कॉन्सिनचा राज्यमासा. हेवर्ड गावात त्याची १४३ फूट लांब फायबरग्लासची प्रतिकृती आहे, लोक तिच्या जबड्यात चढून उभे राहतात. ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात त्याला, आणि रॉडच्या दृष्टीने ते शब्दशः खरं आहे. लहानपणी आम्ही धक्क्यावर गरी टाकायचो ती बोटाला दोरी गुंडाळून. इथे २८० ग्रॅमचं आमिष दिवसभर, शेकडो वेळा, ताकदीने फेकतात. मासा लागायच्या आधीच रॉडने आपलं निम्मं आयुष्य फेकण्यात घालवलेलं असतं.

लोकांना वाटतं ८० पौंडाची दोरी लावली म्हणजे रॉड ८० पौंड उचलेल. बुडातल्या ओंडक्यात आमिष अडकलं की रॉड वाकवून ओढतात. खरं तर रॉड सरळ दोरीच्या रेषेत धरून मागे सरायचं असतं. गाडीच्या दारात चिरडलेला रॉड ‘फेकताना तुटला’ म्हणून येतो, पण दारात दबलेली कार्बनची पोकळ नळी लंबगोल होते आणि तिच्यावर समोरासमोर दोन खुणा असतात. ते मी पार्सलचं नळकांडं उघडताच ओळखतो. याचा मला अभिमान आहे, लपवत नाही.

तर तो गुरुवार. स्वागतकक्षातून फोन आला की त्या नाकारलेल्या दाव्याचे गृहस्थ थेट आले आहेत. थेट येणाऱ्यांना भेटायचं नाही असा नियम आहे. तीन वेळा फोन करून झाल्यावर ते दोन तास गाडी चालवत आले होते. आमचे फोन दुसऱ्या राज्यातल्या केंद्रात जातात. तिथल्या मुलांना रॉड कधी हातात धरायला दिलेला नाही, समोरचा कागद वाचायला दिलेला आहे. त्या मुलांचा राग नाही. ज्यांनी हे ठरवलं त्यांचा आहे.

सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, कागद कारखान्यातून निवृत्त. रॉडचे दोन तुकडे अंघोळीच्या टॉवेलात गुंडाळून आणलेले. पैशांचं काही बोललेच नाहीत. म्हणाले, “काय झालं ते मला सांगा. मी काय चुकलो?”

संध्याकाळची वेळ. आमिष होडीपर्यंत आलं की इथे रॉडचं टोक पाण्यात बुडवून आठच्या आकड्यासारखं मोठं फिरवतात, कारण मस्की पाठलाग करत होडीला खेटून येतो आणि शेवटच्या क्षणी झडप घालतो. दुसऱ्या वळणावर तो होडीखालून आला. यांनी रॉड आडवा, खाली धरूनच हिसडा दिला, अगदी द्यावा तसा. आणि मुठीजवळ फटकन आवाज. वरचा तुकडा दोरीवरून घसरत पाण्यात गेला. यांनी हाताने दोरी ओढायला घेतली, तर ती तुटक्या कार्बनच्या धारेवर घासून कापली गेली. मग तो तुकडा तेवढा सापडला.

“तो मासा जबड्यात दोन तिहेरी गळ घेऊन फिरतोय,” ते म्हणाले. होडीत गळ कापायची मोठी कातर ते नेहमी ठेवतात. चाळीस वर्षांत गळांसकट मासा त्यांनी कधी सोडला नव्हता. मोठेमोठे मस्की पकडून, मोजून, परत पाण्यात सोडणारे लोक हे. त्यांची झोप रॉडने उडवली नव्हती, त्या गळांनी उडवली होती.

मी भिंग लावलं. रॉड वाकतो तेव्हा त्याची आतली बाजू दबते आणि बाहेरची ताणली जाते. कार्बन ताण उत्तम सोसतो, दाब त्या मानाने कमी. नळी गोल आहे तोवर ठीक, ती चपटी होऊ लागली की दबलेल्या बाजूची भिंत मोडते. इथेही मोड तिथूनच सुरू झाली होती. आणि तिच्या कडेला, वरच्या चकचकीत लेपात, मोहरीएवढा एक खळगा होता.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, होडीत रॉड कुठे टेकवता? म्हणाले, बाजूला लोखंडी कंस लावलाय, त्यावर. लाटांत जरा खडखडतो.

इथे मला आमच्या संगणकातल्या चौकटी सांगायला हव्यात. दोनच आहेत: ‘निर्मितीदोष’ आणि ‘गैरवापर’. बाहेरून मार दिसला की गैरवापर, तिथे प्रकरण संपलं. दोन्ही कारणं एकत्र असू शकतात हे ज्याने तो फॉर्म बनवला त्याला माहीत नसावं. माझ्या मते मुठीजवळची नळी एवढ्या खळग्याने, आडव्या हिसड्याने, चौथ्या हंगामात तुटू नये. भिंतीत काहीतरी गडबड असणारच. पण ते कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला एक दिवस लागतो, आणि गृहस्थ तर समोर बसले होते.

मी ‘निर्मितीदोष’वर खूण केली. कोठारातून ८ फूट ६ इंची, तेवढ्याच वजनाच्या आमिषांसाठीचा नवा रॉड आणून दिला. ते उठले, पुन्हा बसले. “म्हणजे माझी चूक नव्हती?”

“नव्हती,” मी म्हटलं.

त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. टॉवेलाची घडी घातली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी मोडीजवळची अंगठीएवढी चकती कापली, रेझिनमध्ये बसवली, घासून आरशासारखी केली. आमच्याकडे निमुळत्या सळईभोवती रेझिन लावलेलं कार्बनचं कापड गुंडाळतात, वरून पट्टी आवळतात, भट्टीत भाजतात, मग सळई ओढून काढतात. पट्टी कुठे सैल पडली तर थरांत हवा अडकते. चकतीत, जिथे कापडाची कड संपते, तिथे केसाएवढी लांबट पोकळी स्पष्ट दिसत होती. किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. दोष आमचाच होता. त्याच दिवशी बांधणीच्या विभागाला फोटो पाठवला, आणि त्यांनी त्या पट्टीचा ताण तपासायला घेतला हेही खरं.

पण पोकळी एका बाजूला होती, आणि खळगा दबलेल्या बाजूला, तिच्यापासून जवळपास पाव फेरा दूर. मोड खळग्यातून निघालेली होती. नुसत्या पोकळीने तो रॉड अजून पाच वर्षं चालला असता का? नुसता खळगा त्याने पचवला असता का? मी चकती कितीदा फिरवून पाहिली. मला वाटतं, दोन्ही मिळून.

म्हणजे मी जे ‘नव्हती’ म्हटलं ते अर्धं खरं होतं. आणि त्या अर्ध्या खऱ्यापायी मी त्यांना खळग्याबद्दल बोललोच नाही. तोंडातून शब्द निघाला असता तर नोंदीत घालावा लागला असता, नोंदीत घातला तर रॉड मिळाला नसता. शिवाय त्यांचा तो चेहरा. म्हणून नवा रॉडही आता त्याच लोखंडी कंसावर खडखडणार आहे. आठ महिने मी हेच घोळवतोय. ऑक्टोबरनंतर तळी गोठली, थंडी पडली, घाई नाही म्हणत राहिलो.

उत्तरेत मस्कीचा हंगाम मेअखेरीस उघडला, परवा. त्यांचा नंबर बंद झालेल्या प्रकरणात आहे आणि बंद प्रकरणातल्या ग्राहकाला फोन करायचा नसतो. मी तो कागदावर उतरवून घेतलाय. चकती समोर ठेवली आहे. उद्या सकाळी घरच्या फोनवरून लावणार आहे. आधी खळग्याचं सांगेन, मग पोकळीचं. आणि त्या कंसाला जाड फोम गुंडाळा, अगदी आजच, एवढं सांगेन. त्यांनी विचारलंच की मग तेव्हा का नाही बोललात, तर तेही सांगेन.