तापीच्या गाळातलं ‘के ७’

मे महिन्यात प्रकाशाजवळ तापीचं पाणी खाली गेलं की भोई लोकांच्या जाळ्यात माशांबरोबर भलतंसलतंही अडकतं. असंच एक गाळानं लिंपलेलं धूड हातगाडीवर टाकून आमच्या ओळखीचे भंगारवाले आप्पा शहाद्याला माझ्या गॅरेजवर आले.

“भाऊ, हाई काय शे? पानीना पंप शे का?”

मलाही पहिल्यांदा पंपच वाटला. वर छोटं सिलिंडर, खाली लांब नळ्या, टोकाला पंखा. पण पंपाचा पंखा केसिंगच्या आत असतो. हा उघडा होता, पाच पात्यांचा. पाणी बाहेर सोडायचं, डिलिव्हरीचं तोंड तर कुठेच नव्हतं. आप्पांना घाई होती. ॲल्युमिनिअम वेगळं, पितळ वेगळं, लोखंड वेगळं, मग वजन. घण गाडीवरच होता.

“आप्पा, संध्याकाळपर्यंत थांबा. तोवर याला हात लावू नका.”

हातातली बजाज तशीच सोडली आणि रॉकेल व तारेचा ब्रश घेऊन बसलो. तासाभरात गाळाखालून दोन पिळाचे स्क्रू असलेला क्लॅम्प निघाला, आणि मला एकदम धडगाव आठवलं. सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठी नर्मदेच्या खोऱ्यातल्या कित्येक पाड्यांना बोटीशिवाय जाता येत नाही. तिथल्या एका बोटीचं इंजिन दुरुस्त करायला गेलो होतो, तेव्हा मागच्या फळीला इंजिन अशाच क्लॅम्पनं आवळलेलं पाहिलं होतं. म्हणजे हे बोटीचं इंजिन!

मग एकेक नळी बोलायला लागली. एका जाड नळीतून शाफ्ट खाली पंख्याच्या गिअरपर्यंत जातो, दुसरीतून धूर पाण्यात सोडला जातो. तिसरी बोटाएवढी बारीक नळी खालच्या छोट्या पंपाचं पाणी वर सिलिंडरला थंड करायला नेते. पंखा शाफ्टला पिनेनं नाही, जाड स्प्रिंगनं जोडलेला. पात्याला दगड लागला तर झटका स्प्रिंग खाते, गिअर वाचतो. बनवणाऱ्यानं नदीचा तळ ओळखला होता, असं मला तेव्हा मनापासून वाटलं.

वरचं फ्लायव्हील उघडंच, कडेला खाच. दोरीला गाठ मारायची, खाचेत अडकवायची, गुंडाळायची आणि हिसका द्यायचा. त्यावर पुसट अक्षरं होती, ‘विलियर्स’. हे नाव मी लहानपणी रॉकेलवर चालणाऱ्या पंपाच्या इंजिनावर वाचलेलं. पण विलियर्सचं मॅग्नेटो, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग, कितीतरी कंपन्या वापरायच्या. एवढ्यावरून इंजिनाचं नाव ठरत नाही.

नाव ठरलं ते क्रँककेसवरच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचावरच्या नंबरानं. तो गंजात बुडालेला होता. खडू चोळून फडक्यानं पुसला, तेव्हा ठसे पांढरे होऊन वर आले: सुरुवातीला अक्षरं, मध्ये आकडे, शेवटी ‘के ७’. भाच्यानं मोबाइलवर फोटो जुळवून पाहिले आणि ओरडला, “मामा, ब्रिटिश सीगल!” इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल नावाच्या बंदरगावात ही इंजिनं बनायची. पुढची अक्षरं मॉडेलची, शेवटचं अक्षर महिन्याचं, अंक सालाचा. साठच्या दशकात एकच अक्षर, सत्तरच्या दशकात तेच दोनदा.

मी बोटांवर मोजलं, के म्हणजे अकरावं, नोव्हेंबर. भाचा म्हणाला, “नाही मामा, आय धरत नाहीत, तो एकच्या आकड्यासारखा दिसतो.” मग के दहावं. ऑक्टोबर १९६७.

हेड उघडून बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजलं. सीगलच्या चाळीस मालिकेचं इंजिन ६४ सीसीचं, सेंच्युरी मॉडेलचं १०२. हे मोठं निघालं, सेंच्युरी. त्या काळी दहा भाग पेट्रोलला एक भाग ऑइल घालायचं सांगत. जुन्या टू-स्ट्रोक मोपेडमध्ये एवढं ओतलं तर प्लग पार काळा पडेल.

आप्पा संध्याकाळी आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी नंबरावरून अंगठा फिरवला, भंगाराच्या भावानं वजन केलं आणि वर एक रुपया घेतला नाही. जाताना घण गाडीच्या खालच्या फळीवर सरकवला.

पिस्टन पक्का जाम होता. प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑइल ओतून ठेवलं आणि रोज सकाळी फ्लायव्हीलला हलकासा पीळ देत राहिलो. नवव्या दिवशी ते करकरलं आणि बोटभर फिरलं.