चार पायांचा प्रश्न

आपल्या ओळखीच्या बहुतेक प्राण्यांना चार पाय असतात, ही गोष्ट सणाच्या तोंडावर क्रोशाची सुई हातात घेतलेल्या माणसाइतकी कुणालाच खुपत नसेल. सजावटीत टांगायच्या चिमुकल्या हत्तीचं धड विणून होतं, डोकं होतं, सोंडही होते. आणि मग लक्षात येतं की अजून चार पाय, दोन कान आणि एक शेपूट बाकी आहे. पहिला पाय मजेत होतो, दुसराही उत्साहात. तिसऱ्याला जांभया येतात. चौथा निव्वळ कर्तव्यबुद्धीने विणायचा. हौशी लोकांच्या माळांमध्ये देवमासे, घुबडं आणि पेंग्विन यांची एवढी गर्दी का, याचं उत्तर मला तरी इथेच सापडतं. देवमाशाला पाय नाहीत, बाहेर दिसणारे कान नाहीत. थोर प्राणी!

एरवी हिशेब साधा. असे कापूस भरलेले छोटे प्राणी विणण्याच्या, जपानमधून जगभर पसरलेल्या या प्रकाराला अमिगुरुमी म्हणतात. दोऱ्याच्या सरकत्या फासात सहा मुके खांब, म्हणजे क्रोशाचे साधे आखूड टाके, घालायचे आणि फास ओढून मधलं भोक मिटवायचं. पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस. दर फेरीला सहाच टाके वाढत राहिले तर चकती सपाट राहते. वाढवणं थांबवलं की कडा वर वळतात आणि वाटी होते. मग तसेच सहा-सहा घटवत गेलं की चेंडू. सहापेक्षा बरेच जास्त वाढवले तर मात्र कडेला झालर सुटते. आपण ती चडफडत उसवतो. पण कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डाइना टाइमिना यांनी १९९७ मध्ये तशीच झालर मुद्दाम विणली आणि कागदावर काही केल्या न उमजणारी हायपरबोलिक भूमिती, म्हणजे अशा झालरदार पृष्ठभागांची भूमिती, चक्क हातात धरता येईल अशी करून दाखवली.

आपल्याला भूमिती नको, हत्ती हवाय. त्यासाठी मोजणं चुकवायचं नाही. फेऱ्या एकमेकींना जोडायच्या नसतात, गोल जिन्यासारख्या त्या वर चढत जातात, म्हणून फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवायचा. तरीही घरात कुणाला तरी नेमकं तेव्हाच काहीतरी विचारायचं असतं. ‘सतरा, अठरा, किल्ल्या खुंटीवर आहेत, एकोणीस...’ असं ज्याला जमतं तो खरा कसबी. सुई मात्र लोकरीच्या वेष्टनावर लिहिलेल्या मापापेक्षा एक-दोन नंबर बारीक घ्यावी. वीण घट्ट बसते आणि पोटातला कापूस फटींतून डोकावत नाही.

टांगायच्या प्राण्याची आणखी एक भानगड असते, तोल. टेबलावर ऐटीत उभा राहणारा हत्ती पाठीतून दोरा ओवून लटकवला की सोंडेच्या भाराने नाकावर येतो, आणि सणभर पाहुण्यांना फक्त त्याची शेपटी दिसते. म्हणून दोरा शिवून टाकण्याआधी पाठीत एक टाचणी खोचून, तिला धरून प्राणी उचलून पाहावा. तो आडवा राहील ती जागा बहुधा पाठीच्या मध्यावर नसते, मानेकडे सरकलेली असते. हे बारकावे कुठल्याच नमुन्यात धड लिहिलेले नसतात, याचा मला राग आहे.

डोळ्यांपर्यंत सगळं काही गुंडाळलेली लोकर असतं. डोळे बसले की ती कुणीतरी होते. ते एका फेरीने वर सरकले तर हत्ती प्रौढ, किंचित वैतागलेला दिसतो. खाली आणि एकमेकांपासून लांब बसवले तर बाळ. कोनराड लोरेन्झ या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने १९४३ मध्ये हेच मांडलं होतं: मोठं डोकं, चेहऱ्यावर खाली आलेले मोठे डोळे, गुबगुबीत गाल, एवढं दिसलं की माणूस पाघळतो. अमिगुरुमीवाले तर डोकं धडाएवढंच करतात, म्हणजे पाघळण्याची पुरती सोय. घरात तान्ही मुलं असतील तर प्लॅस्टिकचे डोळे लावू नयेत, काळ्या दोऱ्याने भरावेत. सजावट उंच टांगली तरी ती मुलांच्या हाती लागतेच.

ते टळत नाही. जर्मनीत मार्गारेटे श्टाइफ यांनी १८८० मध्ये फेल्टचे छोटे हत्ती शिवले ते टाचण्या खोचायच्या उश्या म्हणून, पण मुलांनी ते खेळायला पळवले. पुढे त्यांचा खेळण्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. चेहरा असलेली वस्तू नेमून दिलेलं काम करत नाही, हा माझाही अनुभव. सण संपला की दिव्यांची माळ मुकाट्याने गुंडाळून घेते, कागदी चांदण्या खोक्यात जातात. प्राणी मात्र कुणाच्या दप्तराला, कुणाच्या किल्ल्यांना लागतात. निरोप घेताना पाहुणे ‘एक नेऊ का?’ म्हणतात. निवडा म्हटलं की हटकून तिरप्या डोळ्यांचाच उचलतात. फेऱ्या मोजून, अगदी समोरासमोर डोळे बसवलेले माझे सगळे गुणी हत्ती खोक्यात पडून आहेत.