मे महिन्यातली हजेरी

आमच्या हायस्कुलाचा माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा दरवर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भरतो. चाकरमानी आंब्या-फणसांसाठी गावात असतात आणि पावसाला अजून अवकाश असतो. दीपप्रज्वलन, स्वागत, अहवाल अर्ध्या तासात आटपतं. आटपायलाच हवं, माणसं त्यासाठी येत नाहीत.

ती येतात हजेरीसाठी. दहावी होऊन २५ आणि ४० वर्षं झालेल्या दोन तुकड्या बाकांवर बसतात आणि निवृत्त सर जुन्या हजेरीपटातली नावं त्याच क्रमाने पुकारतात. जुना कागद घडीवर फाटतो, म्हणून नावं आठवडाभर आधी मोठ्या अक्षरांत उतरवून ठेवावी लागतात. मुलींची नावं माहेरचीच वाचायची. छातीवरच्या बिल्ल्यावरही तेच ठळक, सासरचं खाली बारीक. नाहीतर शेजारी बसलेल्या दोघी मैत्रिणी तासभर एकमेकींना ‘तुम्ही’ म्हणत राहतात. नाव पुकारलं की “हजर, सर!” आणि लगेच मागच्या बाकावरून, “गो, तू? वळाकलंस मा माका?” मग पुढची दोन नावं कुणालाच ऐकू येत नाहीत. सर थांबतात, चष्मा पुसतात, तीच नावं पुन्हा घेतात. गेलेल्यांची नावं ते वगळत नाहीत. तीही पुकारतात, उत्तराला द्यायचा तेवढा वेळ देतात आणि पुढे जातात. दरवर्षी ऐकूनही इथे डोळे भरून येतातच.

हजेरी जेवणाआधीच घ्यावी. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि सोलकढी झाल्यावर सगळे मांडवात पेंगतात. १०० पानांना वाटाणे ५ किलो, आदल्या रात्री भिजत घातलेले. कढीला १५ नारळ. नारळाचा रस आणि आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, पंगत बसल्यावरच एकत्र करावं, आधी कालवलेली कढी उष्म्याने फाटते. आगळात मीठ असतंच, चाखल्याशिवाय वरून घालू नये.

एक बोलायलाच हवं. कोकणकन्येने रात्रभर प्रवास करून कुडाळला उतरलेले हजेरीच्या आत बाकावर असतात, आणि ज्यांच्या पडवीत शाळेची घंटा ऐकू येते ते थेट पंगतीला उगवतात. हे बरं नाही.

आभार मानायचे ते या सगळ्यांचे: देवळाची मोठी टोपं देणारे मानकरी, झापांचा मांडव घालणारे वाडीतले झिलगे, पहाटे चूल पेटवणाऱ्या बचत गटाच्या बायका, बिल्ले लिहिणाऱ्या नववीच्या मुली, टाकीत पाणी चढवणारे शिपाईकाका, शिट्टी वाजू नये म्हणून स्पीकर माईकच्या पुढे सरकवणारा माईकवाला, स्टेशनच्या फेऱ्या मारणारे रिक्षावाले, नारळ देणारे बागवाले. उष्ट्या पत्रावळी उचलणारी पोरं मंचावरच्या आभारांत हमखास राहतात, म्हणून त्यांचं नाव इथे मुद्दाम. आणि हो, खुर्च्या परत पोचवणारा टेम्पोवाला.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पुढच्या मेळाव्याची पत्रं फेब्रुवारीतच जायला हवीत.